मधल्या दरवाज्याचे गाऱ्हाणे

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे आणि देवळाचाही नव्हे. मी जहाजावरचा दरवाजा आहे. सध्या गोव्यात मांद्र्याला, सिद्धेश आणि रूपाली या नवराबायकोच्या गेस्टहाऊसमध्ये, दोन खोल्यांच्या मधोमध उभा आहे. उभा आहे असे म्हणायचे एवढेच. एका बाजूने माझ्या चौकटीवर आडव्या फळ्या ठोकल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूने कपाट आणून टेकवले आहे. मित्रांनो, दरवाज्याला उघडू म्हणून द्यायचे नाही आणि वर 'याच्यातून आवाज येतो' म्हणून त्यालाच शिव्या घालायच्या, ही कुठली रीत? मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्याने गोड गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर माझा नाइलाज आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या आत पोलादी पत्रा आहे, आग लागली तर ती थोपवून धरणारा एक थर आहे आणि वरून लाकडासारखा दिसणारा गुळगुळीत पापुद्रा आहे. माझ्या चारी कडांना तेव्हा मऊ काळे रबर बसवलेले होते. ज्या कारागिराने मला चौकटीत बसवले, त्याने मला एका बोटाने ढकलले आणि मी जराही न वाजता मिटलो. त्याने पलीकडे जाऊन हाका मारल्या, अलीकडे काही ऐकू येत नव्हते. तो खूश होऊन निघून गेला. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण मी जन्मापासून असाच आवाज गळणारा होतो असा माझ्याविषयी गैरसमज पसरवला गेला आहे.

मला कड्या दोन होत्या, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. दोन्हीकडच्या माणसांनी आपापली कडी काढली तरच मी उघडणार. एकट्याच्या मर्जीने मी उघडत नसे. माझ्या घडणीतली ही गोष्ट मला सर्वांत आवडायची. एका कुटुंबाने दोन केबिन घ्याव्यात, मला मधे सताड उघडे ठेवावे आणि दोन खोल्यांचे एक घर करावे, याचसाठी मला बनवले होते. अशा केबिनना कनेक्टिंग केबिन म्हणतात. आम्ही नावाप्रमाणे जोडतो. तोडायला भिंती आहेत.

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. मुले माझ्यातून इकडून तिकडे पळायची. एका केबिनमध्ये आजोबा घोरायचे आणि दुसरीकडे नातवंडे त्यांच्या घोरण्याची नक्कल करायची. 'बरं झालं बाई मधे दार आहे' असे म्हणणारी एक तरी आई दर फेरीला भेटायची. माझी कोणी कधी तक्रार केली नाही. तेव्हा मी उघडाच असायचो, आणि उघड्या दरवाज्यातून आवाज येतो म्हणून कोण रडणार?

मग जहाज एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले. त्याचे नाव बदलले, रंग बदलला. गोव्याच्या बंदरातून ते लक्षद्वीपला जाऊ येऊ लागले. नव्या मालकांनी गालिचे बदलले, दिवे बदलले, आरशाच्या कडेला सोनेरी पट्टी लावली. माझे रबर मात्र कडक झाले, चिरले आणि तुकड्या तुकड्यांनी गळून गेले, तरी कोणी पाहिले नाही. खालची पट्टी तर झाडूबरोबर केव्हाच निघून गेली. केबिन सांभाळणाऱ्या पोरांनी वर सांगितले, वरच्यांनी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून हात झटकले. रबरासोबत कोणी फोटो काढत नाही ना. आरशासोबत काढतात.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांनी माझ्या दोन बाजू वेगवेगळ्या विकायला सुरुवात केली. चपलेचा डावा पाय एकाला आणि उजवा दुसऱ्याला कोणी विकतो का? पण केबिन विकतात. या बाजूला एक अनोळखी कुटुंब, त्या बाजूला दुसरे, मधे कड्या लावलेला मी, आणि दोघांनाही आधी कोणी सांगितलेले नाही की बाबांनो, तुमच्या मधे भिंत नाही, दरवाजा आहे, तोही बिनरबराचा. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे, 'हे कशाला इथं?' म्हणायचे. मग शेजारच्याची खोकल्याची उबळ ऐकू आली की भडकायचे. भडकायचे कोणावर? विकणाऱ्यावर नाही. माझ्यावर. तक्रार करणाऱ्यांनी मला पातळ, पुचाट, कागदी अशी किती नावे ठेवली, ती ऐकून मी आतल्या आत जळत राहिलो. आता मी तुम्हाला त्या फेरीची गोष्ट सांगतो, जिच्यामुळे माझी जहाजावरून हकालपट्टी झाली.

पेडणे तालुक्यातल्या कोरगावची एक मुलगी होती, ज्योती. पणजीला नोकरी करायची. तिचे वडील दत्ताराम हे गावच्या देवळात गाऱ्हाणे घालणारे. तुमच्यापैकी जे तिकडचे आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तिथे गाऱ्हाणे म्हणजे देवासमोर उभे राहून सर्वांच्या वतीने मोठ्या आवाजात केलेली विनवणी. एकाने एकेक वाक्य म्हणायचे आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला होकार द्यायचा. नवे घर असो, लग्न असो, जत्रा असो, आधी गाऱ्हाणे. दत्तारामांच्या आवाजावर सगळा गाव व्हय म्हणत आला होता.

त्या दत्तारामांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. पाणी हवे असले तरी पाणी हा शब्द येईना. गंमत म्हणा की दैव म्हणा, गाऱ्हाणे मात्र जिभेवर राहिले होते. इतकी वर्षे घोकलेले ते शब्द अडखळत, तुटत का होईना, बाहेर यायचे. डॉक्टर म्हणाले, जे येते ते रोज मोठ्याने म्हणू द्या, थांबवू नका, या वाटेनेच बाकीचे बोलणे परत येईल. थांबले तर हेही जाईल.

म्हणून घरी त्यांच्या पत्नी भागीरथीबाई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायच्या. ते एक वाक्य म्हणायचे, बाई 'व्हय म्हाराजा' म्हणायच्या, मग पुढचे वाक्य यायचे. बाईंचा होकार आला नाही तर ते तिथेच थांबायचे, पुढे जाताच येत नसे. पण कोरगावच्या घरात माणसांची ये-जा फार. जो येई तो दत्तारामांचे तोडके वाक्य स्वतःच पुरे करून मोकळा होई. गावात कुजबुज सुरू झाली होती की येत्या जत्रेत गाऱ्हाणे चुलतभाऊ नारायणने घालावे. दत्तारामांना ऐकू सगळे येत होते. त्यांनी जेवणावरून लक्ष काढून घेतले. ज्योतीने ठरवले की आईबाबांना चार दिवस अशा ठिकाणी न्यायचे, जिथे त्यांची वाक्ये पुरी करणारे कोणी नसेल.

तिने म्हापशाच्या एका एजंटला सांगितले, "बाबांना हाक मारता येत नाही. रात्री काही झालं तर मला ऐकू यायला पाहिजे. मधे दार असलेली केबिन द्या." एजंटने शब्दाला अक्षरशः जागून मधे दार असलेली केबिन दिली. आईबाबांना माझ्या एका बाजूची दिली, आणि ज्योतीला दिली दोन मजले वर, भलत्याच टोकाला. दार मागितले, दार दिले. दाराच्या पलीकडे कोण, हे ना त्याने विचारले, ना तिला सांगितले. जहाज सुटल्यावर तिने पुष्कळ हातपाय मारले, पण एकही केबिन रिकामी नव्हती.

माझ्या दुसऱ्या बाजूला आले डिचोलीचे पांडुरंग आणि विनोदिनी. पांडुरंगाने सारा जन्म खाणीवर मशीन चालवण्यात घालवला होता. घरही खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालाच. आता मशीन सुटली तरी त्याच्या कानात सतत घरघर चालू असायची आणि झोप म्हणून लागत नसे. पहाटेकडे कुठे डोळा लागला तर लागला. त्यांच्या एजंटला विनोदिनीने एवढेच विचारले होते की केबिन शांत आहे ना. "एकदम शांत, बाई. समुद्रात कोण आवाज करणार?" असे उत्तर मिळाले होते. मी त्या एजंटला ओळखत नाही, पण कधी तो माझ्या चौकटीत सापडला तर त्याचे बोट चेमटल्याशिवाय सोडणार नाही.

पहिल्याच सकाळी दत्ताराम उठून बसले. बाई समोर बसल्या. त्यांनी हात जोडले आणि सुरू केले, "बा देवा म्हाराजा... आज ही तुजी लेकरां... तुज्या पायाकडे..." एवढ्याला त्यांना किती कष्ट पडत होते ते मी जवळून पाहिले आहे. मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा. बाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." पुढचे वाक्य जरा चढ्या आवाजात आले.

पलीकडे पांडुरंगाचा नुकताच डोळा लागला होता. तो ताडकन उठला आणि त्याने माझ्यावर पंजाने धाडधाड थापा मारल्या. "सकाळफुडे काय चाललां हां? माणसाक निजूक देशात की नाय?"

दत्ताराम गप्प झाले. वाक्य अर्धेच राहिले. बाईंनी दोनदा व्हय म्हाराजा म्हणून पाहिले, हळू आवाजात. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि लाजही होती, आणि ती पाहून मला पांडुरंगाचा असा संताप आला म्हणता. आता कळते की तो बिचाराही फसवलेलाच होता.

पांडुरंगाने तक्रार केली. केबिन सांभाळणारा अविनाश आला. हा बेळगावकडचा पोरगा, वागायला नम्र, कामाला चोख. त्याने भागीरथीबाईंना विचारले, "आजी, सकाळी आवाज होतोय असं शेजारून सांगणं आलंय. काय चालू असतंय?"

"गाराणां घालतत ते," बाई म्हणाल्या. "रोज घालतत."

इथे घोटाळा झाला. अविनाशच्या मुलखात गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. सूनबाई सासूचे गाऱ्हाणे करते, तसले गाऱ्हाणे. त्याचा चेहरा गंभीर झाला. म्हातारा तक्रार करतोय आणि आपल्याला पत्ताच नाही, असे त्याला वाटले असणार.

"कसलं गाऱ्हाणं, आजी? म्हणणं काय त्यांचं?"

"म्हणणां काय असतलां, झिला? वाटेत जां काय आडवां येता, तां दूर कर. इतक्यांच."

अविनाशने केबिनभर नजर फिरवली. आडवे येण्यासारखे त्याला तिथे काय दिसले? मीच दिसलो. "मग हे वर सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"वरच सांगूक व्हया," बाई म्हणाल्या, "खाली सांगान कोण आयकता?"

बाईंचा वरचा म्हणजे देव. अविनाशचा वरचा म्हणजे त्याचा साहेब. तो गेला आणि त्याने साहेबाला सांगितले की या केबिनचीही तक्रार आहे, मधला दरवाजा काढून टाका म्हणतात. मी तिथेच होतो, मित्रांनो. आधीचे सगळे बोलणे माझ्यासमोर झाले. विनवणीत माझ्याविरुद्ध एक शब्द नव्हता, तरी तिची तक्रार झाली. दत्तारामांना कोणी उलटून विचारले नाही, बाईंना विचारले नाही, ज्योतीला विचारले नाही.

अविनाशने परत येऊन माझ्या कडांना चिकटपट्टी लावली आणि खालच्या फटीत टॉवेल कोंबला. पलीकडे जाऊन त्याने पांडुरंगालाही सांगितले की शेजारच्यांचेही गाऱ्हाणे आहे, मधले आडवे काढा म्हणतात. पांडुरंगाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आमकां काढूचां? आमी काय फुकट इलाव?" त्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये तो दत्तारामांच्या टेबलाकडे पाठ करून बसला, असे विनोदिनीने नंतर त्याला ऐकवले तेव्हा मला कळले.

त्या दिवसापासून दत्ताराम बोलायचे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई समोर बसल्या, हात जोडले, "बा देवा म्हाराजा" म्हणून स्वतःच सुरुवात करून दिली. दत्तारामांनी ओठ मिटून माझ्याकडे बोट केले आणि मान हलवली. शेजाऱ्याला त्रास नको. ज्योती आली, तिने गालाला हात लावून विनवले. "बाबा, तुम्ही म्हणा हो. मी बघते कोण काय बोलतंय ते." नाही म्हणजे नाही. ज्योती बाहेर निघून गेली, आणि बाईंनी भिंतीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावला. दोन थापांनी एका माणसाची वाचा बंद केली होती, आणि त्या थापा माझ्या अंगावरून गेल्या होत्या. याचा मला आजही राग आहे.

त्याच्या पुढच्या दिवशी बाई चहा आणायला वर गेल्या. पांडुरंग डेकवर फेऱ्या मारायला गेला होता. अलीकडे दत्ताराम एकटे आणि पलीकडे विनोदिनी एकटी, साडीच्या घड्या घालत होती. खाऱ्या दमट हवेने चिकटपट्टी सुटून लोंबत होती. टॉवेल सफाईवाल्याने धुवायला नेला होता. पलीकडे थापा मारणारा नाही हे दत्तारामांना कसे कळले देव जाणे. बहुतेक डेककडे जाताना पांडुरंगाने बाहेरचे दार आपटले होते ते त्यांनी ऐकले असावे. ते उठले, माझ्याजवळ आले, आणि अगदी बारीक आवाजात म्हणू लागले.

"बा देवा म्हाराजा... आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे येवन... उभी रवली हत..."

आणि थांबले. पुढचे येईना. व्हय म्हणायला कोणी नव्हते. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला. त्यांनी कपाळ माझ्यावर टेकले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी आयुष्यात एकदाच ओरडलो असतो. पण मी दरवाजा. मला फक्त पलीकडे पोहोचवता येते.

मी पोहोचवले. ते माझ्या इतके जवळ उभे होते की नेहमीसारखी नुसती घरघर पलीकडे गेली नाही, शब्द गेले. विनोदिनीच्या हातातली घडी थांबली. तिचे माहेर पेडण्यातल्याच पार्सेचे. लहानपणापासून तिने ते शब्द ऐकले होते, बापाच्या मांडीवर बसून व्हय म्हटले होते. ती माझ्याजवळ आली. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली,

"व्हय म्हाराजा."

दत्तारामांनी कपाळ उचलले. ते दचकले, पण वाक्य मात्र धावत आले. "त्यांच्या वाटेत जां काय आडवां येत असात, तां दूर कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"घरादाराक, गुराढोरांक... सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"चुकला माकला असात... तां पोटात घाल, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणे पुरे झाले. आजारानंतर पहिल्यांदा ते शेवटापर्यंत गेले होते. विनोदिनी घड्यांकडे वळणार होती. इतक्यात दत्तारामांनी माझ्यावर बोटाने टकटक केले आणि विचारले,

"कोण गो तू?"

हे गाऱ्हाण्यातले नव्हते. हे घोकलेले नव्हते. हे त्यांचे स्वतःचे, आजचे, ताजे वाक्य होते. त्याच वेळी भागीरथीबाई चहाचे दोन पेले घेऊन दारात पोहोचल्या होत्या. त्यांनी ते ऐकले आणि आहे तिथेच उभ्या राहिल्या.

पलीकडून उत्तर आले, "मी विनोदिनी. डिचोलीची. माहेर पार्सेचां."

"पार्से," दत्ताराम म्हणाले. त्यांनी 'जवळच' म्हणायला शब्द शोधला आणि तो सापडला. "लागीच."

बाईंनी पेले खाली ठेवले. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "इतके म्हयने माका एक शबुद नाय, आनि शेजारणीक म्हणतत कोण गो तू."

पांडुरंग परत आल्यावर विनोदिनीने त्याला सगळे सांगितले. तो माझ्याकडे तोंड करून बसला. "माका काय म्हायत?" तो म्हणाला. "नुसती घरघर येय होती. म्हटलां कोण मुद्दाम करता." हे मात्र खरे होते. माझे रबर धड असते तर त्याला काहीच ऐकू आले नसते. मी उघडा असतो तर शब्द ऐकू आले असते. तुम्ही मला धड बंदही ठेवले नाही आणि धड उघडेही ठेवले नाही, म्हणून भलतेच काहीतरी पलीकडे गेले. हा दोष माझा कसा?

शेवटच्या सकाळी विनोदिनीने लोंबणारी चिकटपट्टी ओढून काढली. तिने तिची कडी सरकवली, बाईंनी त्यांची. किती वर्षांनी मी दोन्ही बाजूंनी उघडलो. बिजागऱ्या कुरकुरल्या, पण उघडलो. ज्योतीही वरून धावत आली होती. पांडुरंग आत यायला तयार नव्हता, माझ्या चौकटीतच उभा राहिला. शेवटी दत्तारामांकडे न बघता म्हणाला, "झोप लागना नाय हो माका. म्हणान हात उठलो दारार. मनात ठेवू नकात."

दत्तारामांनी त्याला नीट पाहून घेतले. मग हात जोडले. नेहमीचे गाऱ्हाणे झाले, नेहमीचे होकार झाले. आणि सगळे संपले असे वाटत असताना ते थांबले, मान ताठ झाली, घाम आला.

"हो पांडुरंग... डिचोलीचो. ह्याका... ह्याका झोप लागांदे, रे म्हाराजा."

तिघी बायका म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मग पांडुरंगही म्हणाला, सगळ्यांच्या मागून, अगदी हळू.

आता ऐका माझे काय झाले ते. पावसाळ्यात जहाज दुरुस्तीला लागले. साहेबलोक हातात टॉर्च घेऊन आले. या दरवाज्याच्या दोन्ही बाजूंनी तक्रार आहे, ते म्हणाले. एकाला आवाज होतो, दुसऱ्याला मधे अडचण होते. काढा. मला चौकटीतून उपटले आणि तिथे भिंत बांधली. कोरगावची एक विनवणी माझ्या नावावर तक्रार म्हणून लागली आणि त्याची शिक्षा मी भोगली. अविनाशला मी दोष देत नाही, त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. पण एवढ्या साहेबांपैकी एकालाही त्या म्हाताऱ्याला विचारावेसे वाटले नाही? थोडे रबर लावले असते तर मी आजही तिथे असतो, आणि कोणाची तरी नातवंडे माझ्यातून धावत असती.

भंगारवाल्याकडून सिद्धेशने मला मांद्र्याला आणले. मला वाटले होते, जमीन बरी, इथे तरी उघडतील. पण इथेही तेच. दोन खोल्या वेगवेगळ्या भाड्याने जातात. मग फळ्या आल्या, कपाट आले. परवा कोणीतरी बाई फोनवर विचारत होती की मधे दार असलेली खोली घेतली तर आवाज येतो का. रूपाली म्हणाली, "अजिबात नाही हो. दार पक्कं बंद केलंय आम्ही." मी आत संतापाने थरथरलो. येतो, बाई. आवाज येतो. मी दरवाजा आहे, भिंत नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कधी अशा खोल्या घ्याल. तेव्हा दाराच्या पलीकडची खोली आपल्यालाच मिळणार का, हे आधी विचारा. नसेल मिळणार तर पलीकडे माणूस आहे हे लक्षात ठेवा, आणि थाप मारायच्या आधी त्याला एकदा हाक मारून बघा. आणि आम्हा दरवाज्यांची निगा राखा हो. आम्हाला फार काही लागत नाही. जरासे रबर, तेलाचा एखादा थेंब आणि अधूनमधून उघडणे.

रूपालीचे माहेर कोरगावचे. काल ती तिथल्या जत्रेहून आली. खाज्याचा पुडा तिने माझ्यासमोरच्या कपाटावर ठेवला आणि सिद्धेशला सांगू लागली, "दत्तारामकाकांनीच घातलां गाराणां. थांबत थांबत, पण सगळां घातलां. नारायणदादाक उठूचां लागलां नाय. पण शेवटाक म्हणतत काय, डिचोलीच्या पांडुरंगाक झोप लागांदे. लोक एकमेकाच्या तोंडाकडे बघीत रवले. कोण हो पांडुरंग? कोणाकच म्हायत नाय."

"मगे? व्हय म्हटलास?" सिद्धेशने विचारले.

"म्हटलांव. सगळ्या देवळान म्हटलां."

मला माहीत आहे तो कोण, मित्रांनो. या घरात फक्त मला माहीत आहे. फळ्या काढा, कपाट सरकवा आणि मला विचारा तरी.